कमी पैशांत बाइकचं सेफ्टी गिअर : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे भाव दुकानांत आणि ऑनलाइन साधारण जे चालतात तेच आहेत. शंभर-दोनशे इकडेतिकडे धरून चला. उत्तरं रोज गाडी चालवणाऱ्यांसाठी आहेत. वर्षातून एकदा लडाखला जाणाऱ्यांची गरज वेगळी असते.

१. बजेट फक्त २,००० आहे. त्यात काय काय बसेल?

एक चांगलं हेल्मेट, बस. दोन हजारांत हेल्मेट, हातमोजे आणि गुडघ्याचे गार्ड असा पूर्ण सेट जमवायला गेलं की तिन्ही वस्तू नावापुरत्या येतात. स्टड्स, स्टीलबर्ड, वेगा यांची आयएसआय मार्कची फुल-फेस (हनुवटीसकट पूर्ण चेहरा झाकणारी) हेल्मेटं १,२०० ते १,६०० मध्ये मिळतात. डिझाइनवालं न घेता एका रंगाचं घ्या. शेल (बाहेरचं कवच) तेच असतं, चित्राचे दोन-चारशे वाचतात. पांढरं किंवा फिकट मिळालं तर उत्तम, उन्हात कमी तापतं आणि रात्री लांबून दिसतं. उरलेल्या पैशांत आतून घालायचा सुती बालाक्लाव्हा (डोकं-तोंड झाकणारी पातळ टोपी) आणि एक जास्तीची पारदर्शक काच घेऊन ठेवा.

२. पुढच्या वस्तू कोणत्या क्रमाने घेऊ?

हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, गुडघ्याचे गार्ड, शेवटी जॅकेट. शहरात माणूस बहुतेक वेळा कमी वेगात, आडवा पडतो. पडताना हात आपोआप पुढे टेकवला जातो, गुडघा आपटतो आणि पाय गाडीखाली येतो. जॅकेट शेवटी ठेवलंय ते महाग आहे म्हणून. रोज बुटीबोरी, कळमेश्वर किंवा भंडारा रोडने ७०-८० च्या वेगाने जाणाऱ्याने जॅकेट गुडघ्याच्या गार्डच्या आधी घ्यावं, कारण त्या वेगात माणूस घासत जातो आणि खांदा, कोपर, पाठ उघडी पडते.

आकड्यांत सांगायचं तर ५,००० मध्ये हेल्मेट १,५००, हातमोजे १,५०० आणि सेफ्टी बूट १,३०० बसतात. उरलेल्या सातशेत गुडघ्याचं काही धड येत नाही, ते पुढच्या पगारापर्यंत ठेवा. ११-१२ हजारांत याच यादीत १,८०० चे गार्ड आणि ५,००० चं जाळीदार जॅकेट येतं.

३. बर्डीवर फुटपाथवर ३०० ला हेल्मेट भेटते. चालान वाचते नं? मग काऊन जास्त द्यायचे?

त्याचं अस्तर कडेला थोडं उचलून बघा. खऱ्या हेल्मेटमध्ये कापडाच्या मागे घट्ट, बारीक दाण्यांचा, बोटभर जाडीचा थर्माकोलचा थर असतो. त्याला ईपीएस म्हणतात. आपटल्यावर हा थर दबतो आणि डोक्याला बसणारा धक्का शोषून घेतो. तीनशेच्या हेल्मेटमध्ये तिथे स्पंज किंवा पातळ फोम सापडतो. स्पंज डोक्याचं वजन पडताच पूर्ण चेपतो, पुढचा सगळा मार कवटीवर. वरचं प्लास्टिक पातळ असल्याने ते फुटून त्याची धार चेहऱ्यात शिरते ती वेगळीच.

चालानचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये सरकारने ठरवलेल्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) मानकाचंच हेल्मेट मागितलं आहे. १ जून २०२१ पासून आयएसआय मार्क नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवणं आणि विकणं दोन्ही बेकायदेशीर आहे.

४. आयएसआय मार्क तर फुटपाथवाल्यावरही असतो. खरा कसा ओळखायचा?

मार्कच्या चिन्हाच्या वर 'आयएस ४१५१' असायला हवं. बरीचशी फसवणूक इथेच उघडी पडते: बांधकामावरच्या टोपीचं मानक आयएस २९२५ आहे, आणि तशा टोपीला पट्टा लावून 'आयएसआयच आहे भाऊ' म्हणून विकतात. मार्क खरा, पण वस्तू गाडीसाठी नाही.

चिन्हाच्या खाली 'सीएम/एल' आणि पुढे परवाना क्रमांक असतो. मोबाइलवर बीआयएस केअर ॲप टाका, परवाना तपासण्याच्या पर्यायात तो क्रमांक भरा. कंपनीचं नाव, उत्पादन आणि परवाना चालू आहे की नाही हे समोर येतं. हेल्मेटवर एक नाव आणि ॲपमध्ये भलतंच दिसलं, किंवा उत्पादन हेल्मेट नसून दुसरंच निघालं, तर ते परत ठेवा. दुकानात उभ्या उभ्या दोन मिनिटांचं काम आहे. दुकानदार कुरकुरला तर तेही एक उत्तरच समजा.

सोबत उत्पादनाचा महिना-वर्ष आणि साइज छापलेली आहे का बघा. दोन-तीन वर्षं दुकानात पडून असलेला माल सवलतीत मिळतो. तो घेण्यापूर्वी प्रश्न २३ वाचा.

५. साइज कशी ठरवायची? मला 'लार्ज' लागते असं वाटते.

वाटण्यावर जाऊ नका. शिंप्याची टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागे डोकं सर्वांत जास्त बाहेर आलेल्या ठिकाणावरून फिरवा. तीनदा मापा, मोठा आकडा धरा. काही कंपन्या मिलिमीटरमध्ये लिहितात: ५८० म्हणजे ५८ सेंटीमीटर. एका कंपनीचं लार्ज दुसरीचं मीडियम असू शकतं, म्हणून अक्षर सोडून आकडा बघा.

मग घालून बघा. दोन्ही पट्टे बाहेर ओढून हेल्मेट डोक्यावर चढवा. कानांपाशी थोडं अडखळलं पाहिजे. सहज आत गेलं तर मोठं आहे. आत गेल्यावर गाल इतके दाबले जावेत की चावायला गेल्यास आतली कातडी दाताखाली येते. आता हेल्मेट हातांनी धरून डावी-उजवीकडे फिरवा. कपाळाची आणि गालाची कातडी हेल्मेटसोबत हलायला हवी. हेल्मेट कातडीवरून घसरत असेल तर एक नंबर लहान बघा.

शेवटची चाचणी बहुतेक जण करतच नाहीत, खरं तर सर्वांत महत्त्वाची तीच. पट्टा लावा, मान खाली करा आणि दुसऱ्याला हेल्मेटची मागची कड वर-पुढे ढकलायला सांगा. ते डोक्यावरून निघून डोळ्यांवर आलं तर अपघातातही निघणार.

हे सगळं जमलं की पंधरा-वीस मिनिटं घालूनच बसा. गालावरचा दाब महिन्याभरात पॅड बसले की कमी होतो. पण कपाळाच्या मधोमध किंवा कानशिलांवर एका ठिकाणी दुखून लाल डाग उमटत असेल तर तुमच्या डोक्याचा आणि त्या हेल्मेटचा आकार जुळत नाही. त्याला मोठी साइज हा उपाय नव्हे, दुसरं मॉडेल बघा.

६. पट्टा सैल ठेवला तर चालते का?

नाही. कलम १२९ मध्येही पट्ट्याने घट्ट बांधलेलंच हेल्मेट धरलं आहे. हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम शिरतील इतकं ओढा. दातेरी पट्टीचा लॉक वापरायला सोपा, पण पट्ट्याची लांबी एकदा नीट बसवून घ्यावी लागते. कंपनीतून आलेली लांबी जवळपास नेहमीच सैल असते.

७. फुल-फेसमध्ये गुदमरते. हाफ-फेस घेतलं तर?

हनुवटी आणि जबडा उघडा राहतो, आणि तोंडावर पडणं दुर्मीळ नाही. गुदमरण्याचं कारण बहुतेक वेळा बंद काच असते. हनुवटीपाशी आणि कपाळावर उघडझाप होणारे व्हेंट (हवेची भोकं) असलेलं मॉडेल निवडा आणि सिग्नलला काच वर करा. व्हेंट खरे आहेत का हे आतून बोट घालून बघा. स्वस्त मॉडेलमध्ये बाहेर जाळी असते, पण आत थर्माकोलला भोकच नसतं.

अस्तर काढून धुता येणारं घ्या. नागपुरात एप्रिल ते जून हे अस्तर दर आठवड्याला धुवावं लागतं, चिकटवलेलं असेल तर दोन महिन्यांत वास मारतं.

८. मी दुपट्टा बांधूनच गाडी चालवते. हेल्मेट त्याच्यावरून घातलं तर?

उन्हासाठी दुपट्टा सुटणार नाही हे मान्यच. अडचण त्याच्या जाडीची आहे. डोक्यावर तीन-चार पदर आणि मागे गाठ असली की दोन गोष्टींपैकी एक होते: हेल्मेट वर चढून बसतं, नाहीतर ते बसावं म्हणून मोठ्या साइजचं घेतलं जातं आणि दुपट्टा नसताना डुगडुगतं. शिवाय कापडावरून हेल्मेट सहज घसरतं.

आतून पातळ सुती बालाक्लाव्हा घाला, १०० रुपयांच्या आसपास मिळतो. साइज त्याच्यासकट मापा. हेल्मेट घालून झाल्यावर दुपट्टा मानेभोवती गुंडाळा आणि टोकं जॅकेटच्या किंवा कुर्त्याच्या आत खोचा. लोंबणारं टोक मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेलं तर गळ्याला फास बसतो. अंबाडा उंच बांधू नका, वेणी किंवा पोनीटेल मानेपाशी ठेवा.

९. मे महिन्यात ४५ डिग्रीत जॅकेट? बाप्पा, भाजून निघू की!

काळं, बंद कापडाचं जॅकेट घेतलं तर नक्की निघाल, आणि तिसऱ्या दिवशी ते खुंटीला जाईल. म्हणून नागपुरात पहिलं जॅकेट जाळीचंच घ्यायचं, राखाडी किंवा फिकट रंगाचं. ४,५०० ते ६,५०० मध्ये रायनॉक्स, सोलेस, बीबीजी अशा भारतीय कंपन्यांची मिळतात. मात्र छाती-पोटावर जाळी ठीक. खांदे आणि कोपर इथे जाड, विणीचं बंद कापड हवं. तिथेही जाळीच असेल तर रस्त्यावर ती क्षणात फाटते.

दुसरी गोष्ट अनेकांना उलटी वाटते. हवा ४३-४४ डिग्री असते तेव्हा ती कातडीपेक्षा गरम असते. उघड्या हातांवर तो वारा घेणं म्हणजे हेअर ड्रायर लावून बसणं. त्यापेक्षा आतला सुती टी-शर्ट ओला करून पिळा आणि वरून जाळीचं जॅकेट घाला. मेमधली हवा कोरडी असल्याने पाणी वेगाने उडतं आणि अंग गार राहतं. पाऊण तासात शर्ट वाळतो, मग परत भिजवा. जुलैत ही युक्ती चालत नाही. दमट हवेत पाणी उडतच नाही, अंग फक्त ओलं राहतं.

जॅकेट उन्हात गाडीवर टाकून ठेवू नका. आतल्या पॅडवर काय परिणाम होतो ते प्रश्न १० मध्ये आहे.

१०. 'सीई लेव्हल २' म्हणजे काय? दुकानदार सगळ्यालाच सीई सांगतात.

'सीई' ही युरोपातली खूण आणि 'ईएन' म्हणजे युरोपातलं मानक. नुसतं 'सीई' लिहिलेलं असणं पुरेसं नाही. पॅड खिशातून बाहेर काढा आणि त्यावर कोरलेलं वाचा. खांदा, कोपर, गुडघ्याच्या पॅडवर 'ईएन १६२१-१', पाठीच्या पॅडवर 'ईएन १६२१-२' हवं. पुढे १ किंवा २ हा आकडा म्हणजे लेव्हल. पॅडवर ठरावीक जोराचा मार देऊन पलीकडे किती पोचतो ते मोजतात. हातापायांच्या पॅडमधून लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (हे जोर मोजायचं एकक), लेव्हल २ मध्ये २० पर्यंत चालतं. पाठीला हेच आकडे १८ आणि ९ आहेत. म्हणजे पाठीचा लेव्हल २ पॅड लेव्हल १ च्या निम्माच मार आत जाऊ देतो.

इंग्रजी 'टी' पुढे अधिकचं चिन्ह असेल तर तो पॅड ४० डिग्रीलाही तपासला आहे. आपल्याकडे हे चिन्ह बघून घ्यावं. काही मऊ पॅड उष्णतेत आणखी मऊ पडतात आणि धक्का शोषण्याची ताकद कमी होते.

स्वस्त जॅकेटमध्ये खांद्या-कोपराला खरे पॅड आणि पाठीला मात्र साध्या फोमचा तुकडा असतो. त्यावर काहीच कोरलेलं नसतं. अशा जॅकेटमध्ये पाठीचा पॅड वेगळा घेऊन टाका. खिशाचं माप आधी घ्या, नाहीतर तो वळतो.

पूर्ण कपड्यासाठी ईएन १७०९२ हे मानक आहे: घासण्याला सर्वांत टिकाऊ 'एएए', मग 'एए', मग 'ए'. बजेटमधली जाळीची जॅकेटं बहुधा 'ए' मध्ये येतात. शहरासाठी ठीक आहे. 'बी' म्हणजे पॅडशिवायचा कपडा आणि 'सी' म्हणजे फक्त पॅड धरून ठेवणारा. 'सी' वाल्यावर घासण्यापासून बचावाचा भरवसा ठेवू नका.

फिटिंगसाठी हँडल धरल्यासारखे हात पुढे करा आणि दुसऱ्या हाताने कोपराचा पॅड फिरवून बघा. तो हाडावरून सरकला तर बाहीचे पट्टे आवळा. तरी सरकतो म्हणजे साइज मोठी.

११. हातमोजे कसे बघायचे? उन्हाचे सुती चालतील का?

सुती मोजे आणि बाह्या उन्हापासून वाचवतात, रस्त्यापासून नाही. १,२०० ते २,००० मध्ये तळहातावर चामडं आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागावर कडक तुकडा असलेले मिळतात. हाताचा हा भाग आधी टेकतो. तिथे नुसतं चामडं असेल तर ते रस्त्याला धरून बसतं आणि मनगट उलटं वळतं. कडक तुकडा घसरतो. बोटांच्या सांध्यांवरचं चकचकीत प्लास्टिक त्यामानाने दुय्यम. लेबलवर 'ईएन १३५९४' असेल तर चांगलंच.

मनगटाचा पट्टा लावून बोटांची टोकं धरून ओढा. मोजा निघून आला तर तो पडतानाही निघेल. नंतर ब्रेक-क्लच दाबून बघा. बोटांच्या टोकाला रिकामं कापड राहिलं तर ते लिव्हरमध्ये अडकतं.

१२. एमआयडीसीतले सेफ्टी शूज बाइकला चालतात का? लोखंडी टोपी बोटं कापते म्हणे.

चालतात, आणि या बजेटमध्ये त्यांच्याइतकं पैशाला मोल देणारं दुसरं काही नाही. हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांना माल देणारी सेफ्टीची दुकानं १,००० ते १,६०० मध्ये आयएस १५२९८ मार्कचे देतात. त्यातली टोपी २०० जूलचा मार सोसण्यासाठी तपासलेली असते. ती वाकून बोटं कापेल इतक्या ओझ्याखाली साध्या बुटातलं पाऊल तसंही उरत नाही.

दोन गोष्टी मात्र बघा. घोट्याच्या वर येणाराच घ्या. कारखान्यात चालणारा आखूड बूट घोट्याला काहीच देत नाही आणि पडताना निघूनही जातो. आणि टोपी जाड असल्याने बूट गिअर लिव्हरखाली नीट शिरत नाही, न्यूट्रलऐवजी पहिला पडतो. मेकॅनिककडून लिव्हर एक दाता वर करून घ्या, पाच मिनिटांचं काम. टाचेने गिअर टाकणाऱ्यांना हा त्रासच नाही. लेसची टोकं आत खोचा, फुटरेस्टमध्ये अडकली की थांबताना पाय खाली येत नाही.

१३. ऑनलाइन ४५० ला गुडघे-कोपराचा चार पीसचा सेट भेटते. घेऊ का?

कमी वेगात खरचटणं वाचेल. गुडघा आपटला तर उपयोग थोडा, कारण कडक प्लास्टिकच्या मागे पातळ स्पंज असतो. पट्टे ढिले पडले की गार्ड पोटरीवर फिरतो. १,५०० ते २,२०० मधले ईएन १६२१-१ पॅडवाले, गुडघ्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे पट्टा असलेले घ्या. दुकानात उभं राहून नाही, गाडीवर बसून घालून बघा.

तेवढंही जमत नसेल तर लेव्हल १ चे सुटे गुडघ्याचे पॅड ७००-१,००० च्या जोडीने घ्या आणि जाड कार्गो पँटला शिंप्याकडून आतून खिसा शिवून घ्या. खिशाची जागा गाडीवर बसून खडूने आखा. गुडघा वाकला की कापड वर ओढलं जातं, म्हणून उभं असताना तो खिसा वाटीच्या दोन-तीन बोटं खाली दिसला पाहिजे. मागून रुंद इलॅस्टिक लावा, नाहीतर पॅड बाजूला जातो. यात आपटण्यापासून बचाव होतो, घासण्यापासून नाही. पँट ती पँटच.

पॉलिस्टरची ट्रॅक पँट घालून मात्र गाडी चालवू नका. घासल्यावर ती वितळून जखमेत चिकटते.

१४. पावसाळ्यासाठी वेगळं जॅकेट लागते का?

नाही. जाळीच्या जॅकेटवरून घालायचा शर्ट-पँटचा रेनसूट ९०० ते १,५०० मध्ये येतो. जॅकेटसोबत आतून लावायचं रेन लायनर मिळतं, पण त्यात वरचं जॅकेट चिंब होतं आणि दुसऱ्या दिवशी ओलंच घालावं लागतं. लायनर नसलेलं मॉडेल स्वस्त असेल तर तेच घ्या. रेनसूट जॅकेटवरून मापून एक साइज मोठा घ्या. पोंचो नको, त्याचा घेर वाऱ्याने फुगतो आणि चाकाकडे जातो. काळी काच पावसात आणि रात्री पूर्ण बाद. पहिल्या पावसाच्या सरीत सिमेंटच्या रस्त्यावर धूळ आणि तेलाचा चिखल होतो, तेव्हा गिअर अंगात असो वा नसो, वेग कमी.

१५. सेकंड हँड घेतलं तर?

हेल्मेट कधीच नाही, ओळखीच्याचंही नाही. आतला थर्माकोल एकदा दबला की बाहेरून कळत नाही. जॅकेट, बूट, हातमोजे चालतात. जॅकेटची खांद्या-कोपराची शिवण आतून उलटी करून बघा, कापड चमकायला लागलंय का बघा (चमक म्हणजे ते एकदा घासलंय), चेन चालवून बघा, पॅड बाहेर काढून लेबल वाचा. नव्याच्या निम्म्या भावापेक्षा जास्त देऊ नका. पॅड हरवलेले असतील तर त्यांची किंमत त्यातून वजा करा.

१६. ऑनलाइन स्वस्त पडते. दुकानात कशाला जायचं?

हेल्मेट आणि बूट दुकानात. बर्डी, सदर, सक्करदरा, कुठेही जा, पण डोक्यावर घालून पंधरा मिनिटं बसू देणारं दुकान शोधा. ज्याने एवढा वेळ दिला त्याच्याकडूनच घ्या. शंभर-दोनशेचा फरक पुढे काच आणि पॅड बदलायला जाल तेव्हा भरून निघतो. जॅकेट-गार्ड ऑनलाइन घेताना कंपनीच्या साइटवर छाती आणि कमरेचं माप देऊन घ्या, परत घेण्याची अट आधी वाचा, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा. भाव नेहमीपेक्षा फारच कमी असेल तर विक्रेता कोण आहे ते बघा. नकली माल मोठ्या साइटवरही येतो.

१७. आयएसआयपेक्षा ईसीई चांगलं म्हणतात. परदेशातून मागवू?

ईसीई हे युरोपात चालणारं हेल्मेटचं मानक. त्याच्या २२.०६ आवृत्तीत तिरक्या माराने डोक्याला बसणारा पीळही मोजतात, वेगवेगळ्या वेगांवर तपासतात. त्यामुळे ते कठोर आहे. पण आयएसआय नसलेलं हेल्मेट इथे कायद्यात बसत नाही (प्रश्न ३). एसएमके, ॲक्सॉर, एलएस२ यांच्याकडे दोन्ही मार्क असलेली मॉडेलं आहेत. साधारण साडेतीन-चार हजारांपासून सुरू होतात. ईसीईचं लेबल पट्ट्यावर शिवलेलं असतं, वर्तुळात 'ई' आणि देशाचा आकडा. वरच्या स्टिकरवर विसंबू नका. 'डॉट'चं (अमेरिकी मानकाचं) स्टिकर तर कोणीही छापतं.

आमचं मत: डोक्याला न बसणाऱ्या चार हजारांच्या हेल्मेटपेक्षा नीट बसणारं चौदाशेचं आयएसआय बरं.

१८. पोट्ट्याला कॉलेजसाठी गाडी घेतली, शोरूमने हेल्मेट दिलं. तेच पुरे का?

केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ प्रमाणे नव्या दुचाकीसोबत बीआयएस मानकाचं हेल्मेट द्यावं लागतं, त्यामुळे मार्क बहुधा खरा असतो. गडबड साइजची. डोकं न मापता हाताला येईल ते देतात. प्रश्न ५ ची चाचणी शोरूममध्येच मुलाच्या डोक्यावर करा आणि बदलून मागा. डिलिव्हरीच्या आधी मागितलं तर सहसा देतात, नंतर टाळाटाळ होते.

१९. हेल्मेटवर रेडियम लावलं, रंग मारला, कॅमेरा बसवला तर?

छोटी रेडियमची पट्टी चालेल, पण रेडियमवाल्याला थिनर किंवा पेट्रोलने पुसू देऊ नका. प्लास्टिकचं शेल त्याने आतून ठिसूळ होतं आणि वरून काही दिसत नाही. ओल्या कापडाने पुसून लावायला सांगा, हीट गनही नको. याच कारणाने स्प्रे पेंट बाद. कॅमेऱ्यासाठी भोक पाडू नका. काच साबणाच्या पाण्याने धुवा, काचेचा स्प्रे कोटिंग खातो.

२०. चष्मा असला तर?

आधी हेल्मेट, मग चष्मा. काड्या सरळ असलेला चष्मा ठेवा, कानामागे वळणारा अडतो. काही मॉडेलच्या गालाच्या पॅडमध्ये काडीसाठी खाच असते, ती मागून घ्या. धुकं साचत असेल तर हनुवटीचा व्हेंट उघडा.

२१. लहान मुलांना काय घालायचं?

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट बंधनकारक आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे: चालवणाऱ्याला बांधणारा सेफ्टी हार्नेस, डोक्याला बसणारं हेल्मेट (मानकाचं सायकल हेल्मेट चालतं) आणि वेग ताशी ४० च्या आत. 'वाढत्या वयाचं' म्हणून मोठं हेल्मेट घेऊ नका. सैल हेल्मेट डोळ्यांवर येतं आणि मूल ते स्वतःच काढून हातात धरतं. मुलांचं डोकं मापूनच घ्या, ५०-५४ सेंमीच्या साइज मिळतात.

२२. डिलिव्हरीचं काम करतो, दिवसाला दहा तास गाडीवर. ३,००० आहेत.

अस्तर निघणारं हेल्मेट, दोन बालाक्लाव्हा (एक धुतलेला, एक वापरात), सेफ्टी शूज. बाराशेचे हातमोजे पुढच्या महिन्यात. कंपनीने दिलेलं जॅकेट हा गणवेश आहे, त्यात पॅड नसतात. गुडघ्याचे गार्ड दिवसभर टोचतात, तुमच्यासाठी प्रश्न १३ मधली शिवलेल्या खिशाची पँट जास्त कामाची. हेल्मेटचं अस्तर घामाने लवकर चेपतं. वर्ष-सव्वा वर्षाने गालाचे पॅड सुटे मिळतात का विचारून बदला. हेल्मेट हँडलला किंवा आरशाला अडकवू नका, आरशाचा दांडा आतला थर्माकोल खोचतो.

२३. हेल्मेट हातातून पडलं तर फेकायचं? आणि किती वर्षं वापरायचं?

रिकामं हेल्मेट सीटवरून खाली पडलं तर बहुतेक वेळा आतल्या थराला फारसं होत नाही, कारण दाबायला आत डोकं नसतं. तरी अस्तर काढून थर्माकोलवर भेग किंवा खड्डा आहे का, शेलला केसासारखी रेघ आहे का आणि पट्ट्याचे रिवेट हलतात का हे बघा. यातलं एकही दिसलं तर बदला. डोक्यावर असताना आपटलं असेल तर काहीही न दिसलं तरी बदला.

वापर सुरू केल्यापासून पाच वर्षं ही नेहमीची मर्यादा. रोज उन्हात उभी राहणारी गाडी आणि वर अडकवलेलं हेल्मेट असेल तर तीन-चार वर्षांतच पॅड सैल पडतात आणि प्रश्न ५ मधली मागून ढकलण्याची चाचणी नापास होते. ती दर सहा महिन्यांनी करा. तीन वर्षं जुना, दुकानात खोक्यात राहिलेला माल चांगल्या सवलतीत मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही, काचेसमोर उन्हात मांडलेला मात्र नको. टाकून द्यायच्या हेल्मेटचे पट्टे कात्रीने कापा, नाहीतर भंगारवाल्याकडून ते कुणाच्या तरी डोक्यावर परत जातं.